आंग्रिया बँकेचे फोटो काढायला ३१ वर्षं: रोबो समुद्रतळाचा नकाशा कसा काढतात

विजयदुर्गापासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटर गेलं की पाण्याखाली एक पठार लागतं. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४० किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी सुमारे १५ किलोमीटर, आणि सगळ्यात उथळ जागी माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून फक्त वीसेक मीटर खाली. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तिथे प्रवाळ आहेत, आणि किनाऱ्यापासून इतकं लांब असल्यामुळे नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही.

समजा, या पठाराच्या तळाचा इंच न् इंच फोटो काढायचा ठरला. रोबो तळापासून दोन मीटर उंचीवरून जातो आणि एका फोटोत साधारण दोन मीटर रुंदीचा पट्टा येतो. पण फोटो एकमेकांना जोडायचे तर शेजारचे पट्टे एकमेकांवर बरेच चढावे लागतात. सत्तर टक्के धरू. म्हणजे दर फेरीत नवी जागा मिळते ती ६० सेंटिमीटर रुंदीची. ६०० चौरस किलोमीटरला ६० सेंटिमीटरने भागलं की रोबोला कापायचं अंतर निघतं दहा लाख किलोमीटर. रोबोचा वेग सेकंदाला एक मीटर धरा. न थांबता, बॅटरी न बदलता, भर पावसाळ्यातही तो चालत राहिला तरी काम पुरं व्हायला ३१ वर्षं लागतील.

पाण्याखालच्या रोबोंची बातमी येते तेव्हा सोबत रंगीत फोटो असतो: प्रवाळ, मासे, एखादं बुडालेलं जहाज. त्या फोटोच्या आधी बरंच काम झालेलं असतं, आणि त्यातलं बहुतेक उजेडाने नाही, आवाजाने होतं. कुठवर आवाजावर भागवायचं आणि नेमक्या कोणत्या जागी कॅमेरा खाली सोडायचा, हे ठरवणं म्हणजेच समुद्रतळाचा नकाशा काढणं. कोकणात हे ठरवणं जास्तच महत्त्वाचं आहे. आपल्या दारातलं उथळ, गढूळ पाणी महासागराच्या पाच किलोमीटर खोल तळापेक्षा नकाशाला जड जातं. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून पुढे आकडे मांडूनच दाखवतो.

उजेडाची मर्यादा

पाणी उजेड शोषून घेतं, आणि सगळे रंग सारखे शोषत नाही. तांबडा आधी जातो. नितळ पाण्यातही पहिल्या पाच-दहा मीटरांत तो जवळपास संपलेला असतो. मग नारिंगी, पिवळा. शेवटी उरतो निळा-हिरवा. म्हणून वीस मीटरवर साध्या कॅमेऱ्याने टिपलेलं लालभडक प्रवाळ करड्या-निळ्या रंगाचं दिसतं. सुमारे दोनशे मीटरांच्या खाली सूर्याचा उजेड नावापुरता असतो, आणि हजार मीटरांच्या खाली पूर्ण अंधार. रोबोला स्वतःचे दिवे न्यावेच लागतात.

दिवे नेले की दुसरी अडचण उभी राहते. पाण्यात गाळाचे कण, सूक्ष्म जीव, शेवाळाचे तुकडे तरंगत असतात. कॅमेऱ्याला चिकटूनच दिवा बसवला तर त्याचा उजेड या कणांवर आपटून सरळ कॅमेऱ्यात परत येतो. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर समोर जी पांढरी भिंत उभी राहते, तीच इथे होते. उपाय असा की दिवे कॅमेऱ्यापासून दूर, लांब दांड्यांवर बसवायचे आणि बाजूने तिरका उजेड टाकायचा. मग कॅमेरा आणि तळ यांच्यामधल्या पाण्यात उजेड कमी पडतो आणि कण चमकत नाहीत. चांगल्या रोबोचे दिवे हाताच्या दोन पंजांसारखे फाकलेले दिसतात ते यामुळे.

तेवढं करूनही दोन मीटरपलीकडचं स्पष्ट दिसेल याची खात्री नसते. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री, कर्ली अशा नद्या पावसाळ्यात जो गाळ ओततात तो किनाऱ्यालगत बराच काळ राहतो, आणि उधाणाच्या भरतीला तळाचा गाळ पुन्हा उठतो. मालवणच्या पाण्यात दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत नजर चांगली जाते, म्हणून स्कूबाचा हंगामही तेव्हाच भरात असतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते त्या दिवसांत ओढ कमी, त्यामुळे पाणी आणखी निवळतं. फोटोचं काम करणाऱ्याने पंचांगातली तिथी बघूनच होडी ठरवावी.

दिसण्यात आणखी एक फसवणूक आहे. पाण्यातून काचेत आणि काचेतून हवेत येताना उजेड वाकतो, त्यामुळे सपाट काचेमागच्या कॅमेऱ्याला वस्तू असेल त्याहून जवळ आणि मोठी दिसते, आणि दृश्याची रुंदीही घटते. म्हणून मोजमापासाठीच्या कॅमेऱ्यांपुढे घुमटासारखी गोल काच लावतात. शिवाय रोबोवर दोन लहान लेझर समांतर बसवलेले असतात, बहुधा हिरवे, एकमेकांपासून मोजून दहा सेंटिमीटरवर. फोटोत प्रवाळाच्या गड्ड्यावर दोन हिरवे ठिपके पडलेले दिसतात. त्या ठिपक्यांमधलं अंतर दहा सेंटिमीटर आहे हे ठाऊक असल्यावर गड्डा केवढा हे सरळ मोजता येतं. हे ठिपके नसतील तर फोटो सुंदर असेल, पण पुढच्या वर्षी तोच गड्डा वाढला की घटला हे छातीठोक सांगता येणार नाही.

आवाज मात्र लांब जातो

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. होडीखालून आवाजाचा एक टोला द्यायचा, तो तळावर आपटून परत येईपर्यंतचा वेळ मोजायचा, निम्मा करायचा, वेगाने गुणायचं. वीस मीटर पाण्यात हा सगळा प्रवास सत्तावीस सहस्रांश सेकंदात उरकतो. आपल्या ट्रॉलरवर जो फिश फाइंडर असतो तो हेच करतो. पडद्यावर तळाची रेघ सरकत असते. मऊ गाळावर ती फिकट आणि पसरट. खडप, म्हणजे पाण्याखालचा कातळ, आलं की एकदम ठळक होते आणि वर उसळते. गाळ आवाज गिळतो, कातळ तो परतवतो. हा फरक नकाशाच्या दृष्टीने खोलीइतकाच मोलाचा आहे, कारण त्यावरून तळ रेवेचा, चिखलाचा की दगडाचा ते कळतं.

पण फिश फाइंडर होडीच्या बरोबर खालची एकच जागा मोजतो. आवाजाने असं मोजणाऱ्या यंत्राला सोनार म्हणतात, आणि नकाशासाठी वापरतात तो मल्टिबीम सोनार. तो एका टोल्यात शेकडो बारीक किरण पंख्यासारखे दोन्ही बाजूंना फाकवतो आणि प्रत्येकाचा प्रतिध्वनी वेगळा ऐकतो. एका फेरीत तळाचा आख्खा पट्टा मोजला जातो. पट्ट्याची रुंदी पाण्याच्या खोलीच्या साधारण साडेतीन पट.

आता मघाचे आकडे. पाच हजार मीटर खोल समुद्रात जहाजावरून एका फेरीत सुमारे १७ किलोमीटर रुंदीचा पट्टा मिळतो. आंग्रिया बँकेएवढी जागा तिथे एका फेरीत, चार-पाच तासांत उरकेल. वीस मीटर पाण्यात तोच पट्टा ७० मीटरचा. कडा एकमेकांवर चढवल्या की हाती लागतात ५० मीटर. पूर्ण पठार वीस मीटर खोल धरलं तर चाळीस-चाळीस किलोमीटरच्या तीनशे फेऱ्या, म्हणजे १२,००० किलोमीटर. ताशी दहा किलोमीटरने रात्रंदिवस पन्नास दिवस. पाणी जितकं उथळ तितकं काम लांबतं. किनाऱ्याजवळ दहा मीटरांच्या आत आलात की पट्टा ३५ मीटरवर येतो, वर खडपं, जाळी, होड्या, लाटा.

खोल समुद्रात पट्टा रुंद मिळतो, पण त्याची किंमत वेगळीकडे द्यावी लागते. सोनारचा एक किरण एक अंश जाडीचा असेल तर वीस मीटरवर तो तळावर ३५ सेंटिमीटरचा ठिपका पाडतो आणि पाच हजार मीटरवर जवळपास ८७ मीटरचा. त्या ठिपक्यात जे काही असेल त्याची एकच सरासरी खोली मिळते. आख्खं विमान त्यात हरवून जाईल.

तसं घडलंही. २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. तेव्हाच्या शोधात काही हाती लागलं नाही. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४मध्ये, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयओटीच्या, स्वयंचलित रोबोने सुमारे ३४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष टिपल्याचं जाहीर झालं. त्या खोलीवर एक अंशाच्या किरणाचा ठिपका पडतो ५९ मीटरचा, आणि एएन-३२च्या पंखांचा विस्तार आहे २९ मीटर. वरून ते दिसणं शक्यच नव्हतं. रोबो सोनार घेऊन तळाजवळ गेला, ठिपका लहान झाला, संशयास्पद आकार दिसले, आणि मग त्याच जागी कॅमेऱ्याने फोटो काढले. आधी दुरून आवाज, मग जवळून आवाज, मग उजेड. दोन्ही टोकांचा मेळ घालायला रोबो लागतो तो असा.

बाजूने ऐकणारा साइड-स्कॅन सोनार हेही एक अवजार आहे. तो आवाज तिरका टाकतो, त्यामुळे तळावर उभ्या असलेल्या वस्तूमागे आवाजाची सावली पडते आणि सावलीच्या लांबीवरून उंची निघते. बुडालेली जहाजं बहुतेक वेळा याच्या चित्रात आधी सापडतात.

केबलवाला रोबो आणि बिनकेबलचा रोबो

रोबोंचे मुख्य प्रकार दोन. पहिला आरओव्ही. तो केबलने होडीला बांधलेला असतो. केबलमधून चित्र वर येतं, हुकूम खाली जातात, मोठ्या रोबोंना वीजही तीतूनच जाते. चालवणारा माणूस होडीवर पडद्यासमोर बसून त्याला हवं तिथे थांबवतो, वळवतो, भेगेत डोकावायला लावतो. एका जागेचं बारीक निरीक्षण करायचं असेल तर याच्यासारखा दुसरा नाही. केबल हाच त्याचा आधार आणि तीच त्याची कटकट. ओढीच्या पाण्यात केबलला कमान पडते आणि ती रोबोला खेचत राहते. आपल्याकडे तर तळाशी तुटलेली जाळी, वागरीचे दोर पडलेले असतात. रोबोचा लहान पंखा अशा एका दोरात गुंतला की दिवस गेला.

दुसरा प्रकार एयूव्ही. त्याला केबल नाही. मार्ग आधी संगणकात आखून द्यायचा, पाण्यात सोडायचा, आणि तो स्वतःच शेतात नांगर फिरावा तशा समांतर फेऱ्या मारून ठरल्या जागी वर येतो. तो सरळ आणि एकसारख्या उंचीवरून जातो, म्हणून मोठ्या जागेच्या नकाशाला हाच बरा. पण पाण्याखाली असताना तो काय पाहतोय हे वर फारसं कळत नाही. रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात शिरल्या शिरल्या विझतात, त्यामुळे फोन, वाय-फाय, जीपीएस यातलं काहीच खाली चालत नाही. आवाजाने निरोप धाडता येतो, पण अगदी हळू आणि तोकडा. व्हिडिओ पाठवणं दूरच.

दोघांच्याही रचनेत एक शहाणपण असतं. रोबो पाण्यापेक्षा किंचित हलका ठेवतात. वीज गेली, काही बिघडलं, तर तो आपोआप वर यावा. खोल जाणाऱ्या रोबोंना शिवाय एक वजन अडकवलेलं असतं. संकटात ते सुटतं आणि रोबो वर निघतो.

दाबाचंही सांगायला हवं, कारण किमतीतला मोठा फरक तिथेच पडतो. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. मालवणच्या खडपांवर जाणाऱ्या रोबोला हे फार जड नाही. जाड ॲक्रेलिकच्या नळकांड्यात कॅमेरा आणि सर्किट बसतात. सहा हजार मीटरवर मात्र १५ सेंटिमीटर व्यासाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीवर शंभर टनांहून जास्त भार येतो. एनआयओटीने तेवढ्या खोलीसाठी बनवलेला आरओव्ही 'रोसब ६०००' हा २०१० साली मध्य हिंदी महासागरात ५२८९ मीटरपर्यंत उतरला होता. आपल्या शेजारी, गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, 'माया' नावाचा लहान एयूव्ही स्वतः घडवला, आणि पुढे प्रवाळांवर नजर ठेवण्यासाठी 'सी-बॉट' नावाचा रोबो, जो दोनशे मीटरपर्यंत जातो. कोकणच्या प्रवाळांसाठी याच आकाराची, याच खोलीची यंत्रं हवीत. अब्जावधींची नव्हेत.

मी कुठे आहे?

मला या सगळ्यात अतिशय आवडणारा भाग हा आहे. फोटो कितीही चांगला आला, तरी तो नेमका कुठला हे सांगता आलं नाही तर नकाशाला त्याचा उपयोग नाही. आणि पाण्याखाली जीपीएस नाही.

मग रोबो मोजत मोजत जातो. त्याच्या पोटात वेग आणि वळण टिपणारी यंत्रं असतात. शिवाय तो तळाकडे चार दिशांनी आवाज टाकतो. परत येणाऱ्या आवाजाचा सूर जितका बदलतो त्यावरून आपण तळाच्या सापेक्ष किती वेगाने कुठे सरकतोय हे त्याला कळतं. वेग गुणिले वेळ, म्हणजे अंतर. पण लहान चुका साठत जातात. अर्धा टक्का चूक धरली तरी दहा किलोमीटर चालून झाल्यावर रोबो स्वतःला जिथे समजतो तिथून पन्नास मीटर बाजूला असतो. उथळ पाण्यात सोपा इलाज आहे: मधूनमधून वर येऊन जीपीएस घ्यायचं आणि पुन्हा बुडी मारायची. खोल पाण्यात होडीवरून आवाज देऊन विचारतात, रोबो उत्तर देतो, आणि उत्तर किती वेळाने, कोणत्या दिशेने आलं यावरून त्याची जागा काढतात.

मालवण-देवगडकडचे जुने तांडेल जीपीएस येण्याआधी भर समुद्रात नेमकं खडप शोधत. किल्ल्याचा एखादा बुरूज मागच्या डोंगराच्या खिंडीत बसला की एक रेघ. दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस एखाद्या उंच माडाच्या रांगेत आला की दुसरी. दोन रेघा जिथे छेदतात तिथे नांगर. मग दोर सोडून किती वाव (दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं माप) पाणी ते बघायचं. रोबोची जागा काढण्याचं गणित याहून निराळं नाही. फक्त बुरूज आणि कळसाच्या जागी आवाज देणारी यंत्रं आली. या खुणा अनेक घरांत बापाकडून मुलाकडे आल्या आहेत आणि कुठेही लिहिलेल्या नाहीत. सर्वेक्षणाला निघालेल्या कोणत्याही चमूने पहिला दिवस जेटीवर अशा माणसांबरोबर घालवावा असं मला मनापासून वाटतं. कुठे बघायचं हे त्यांना आधीच ठाऊक आहे, आणि एवढी जागा हातात आली की कितीतरी फेऱ्या वाचतात.

जागेबरोबर खोलीही नीट बसवावी लागते. मुंबईला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीत पाच मीटरांपर्यंत फरक पडतो, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. सकाळी मोजलेले दहा मीटर आणि दुपारी मोजलेले दहा मीटर हे एक नव्हेत. दोन्ही एका ठरलेल्या पातळीवर आणल्याशिवाय नकाशात खोट्या पायऱ्या दिसतात. खाडीच्या तोंडाशी तर आवाजाचा वेगच बदलतो. पावसाळ्याच्या शेवटी वर गोडं पाणी आणि खाली खारं असे थर असतात. सारख्याच तापमानाला गोड्या पाण्यात आवाज साधारण दोन टक्क्यांनी हळू चालतो, आणि थर ओलांडताना तो वाकतोही. कडेचे तिरके किरण त्यामुळे चुकीच्या जागी पडतात आणि सपाट तळ नकाशात पन्हळीसारखा दिसतो. म्हणून दिवसातून अनेकदा एक लहान यंत्र वरपासून खालपर्यंत सोडून प्रत्येक थरातला आवाजाचा वेग मोजावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, आणि ते टाळणाऱ्याचा नकाशा कोणाच्याही कामाचा नसतो.

हजारो फोटोंचा एक नकाशा

फोटो जोडण्याचं तंत्र आता साध्या संगणकावरही चालतं. एकाच दगडाचा कोपरा पाच-सात फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून आलेला असतो. संगणक असे लाखो कोपरे ओळखतो, आणि ते सगळे एकाच वेळी जुळावेत तर कॅमेरा प्रत्येक वेळी कुठे असायला हवा हे काढतो. त्यातून तळाचं उंचसखल, रंगीत, मोजता येणारं प्रतिरूप तयार होतं. २०२२मध्ये टायटॅनिकचं असं प्रतिरूप सुमारे ३८०० मीटर खोलीवर सात लाख फोटो काढून केलं गेलं. सत्तर टक्के चढ का ठेवायचा, त्याचं कारण हेच. कोपरा एकाच फोटोत असेल तर त्याची जागा काढता येत नाही. एकसारख्या रेवेवर मात्र हे तंत्र अडखळतं, कारण ओळखायला कोपराच नसतो.

कोकणात याचा उपयोग कुठे? विजयदुर्गचं उदाहरण घ्या. किल्ल्याजवळ पाण्याखाली आठ-दहा मीटरवर जांभ्या दगडाची सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत पाहणीत नोंदली गेली आहे, आणि शत्रूची गलबतं तिच्यावर आपटून फुटत अशी कथा गावात सांगतात. अशा रचनेबद्दलचा प्रश्न नेहमी एकच: माणसाने बांधली की निसर्गाने? पाणबुड्याला गढूळ पाण्यात एका वेळी हातभर तुकडा दिसतो. तेवढ्यावरून निकाल देणं कठीण. मल्टिबीमने भिंतीची सरळ रेघ, उंची आणि दोन्ही टोकं कळतील. जवळून काढलेल्या फोटोंच्या जोडणीत दगडांचे सांधे दिसतील: चिरे एका मापाचे आहेत का, थर एका पातळीत आहेत का, सांधे आलटून पालटून आहेत की भेगा आरपार जातात. पाथरवट चिरे रचताना खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ देत नाही. निसर्ग असा नियम पाळत नाही. वादावादीपेक्षा हे सांधे मोजणं मला जास्त पटतं.

निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार पाण्याखाली ठेवून संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा प्रकल्प सिंधुदुर्गात आखला गेला. अशा जहाजावर प्रवाळ आणि कालवं कधी, कुठल्या बाजूला धरतात, ओढीने त्याच्या बुडाखालची रेव उकरली जातेय का, हे दर वर्षी त्याच मार्गाने रोबो फिरवून बघता येतं. तीस मीटरवर पाणबुड्याला सुरक्षितपणे मिळतात साधारण वीस मिनिटं. रोबोला ही घाई नाही.

सगळ्या जगाचा विचार केला तर समुद्रतळाचा नीट मोजलेला भाग २०२५च्या मध्यापर्यंत २७.३ टक्के होता. २०१७मध्ये 'सीबेड २०३०' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला तेव्हा तो सुमारे सहा टक्के होता. उरलेल्याचा ढोबळ अंदाज उपग्रहांनी समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजून दिलेला आहे. त्यात पर्वत दिसतात, खडप दिसत नाही.

नकाशा कुणाचा

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सगळं मोजायची गरजही नाही. शंभर मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा एकच तुकडा निवडला, तर ६० सेंटिमीटरच्या हिशोबाने सतरा फेऱ्या होतात, पावणेदोन किलोमीटर. अर्धा मीटर वेगाने तासाभराचं काम. वन विभागाची परवानगी काढून, चार कोपऱ्यांना कायमच्या खुणा ठोकून, दर डिसेंबरला हाच तुकडा टिपला तर पाच वर्षांत प्रवाळ पांढरे पडले का, नांगरांनी मोडले का, सावरले का याचा पक्का पुरावा गावाच्या हातात येईल. लहान आरओव्ही आता कोची आणि चेन्नईतल्या कंपन्याही बनवतात, आणि आयआयटी मुंबईचे विद्यार्थी 'मत्स्य' हा स्वतःचा एयूव्ही घेऊन परदेशातल्या स्पर्धांत उतरतात. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी असं एखादं यंत्र कायम कामाला असावं, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पण एका गोष्टीची मला काळजी वाटते. रापण ओढणाऱ्या आणि लहान होडीवर जाणाऱ्या गाबीत-कोळी मच्छीमारांसाठी खडपाची जागा ही घरची ठेव आहे. तिथे मासा थांबतो, आणि तिथे मोठ्या ट्रॉलरना जाळी फाटायची भीती असते, म्हणून ते लांब राहतात. उद्या प्रत्येक खडपाचा सेंटिमीटरपर्यंतचा नकाशा मोबाइलवर आला, तर ते कुठवर टाळायचं हेही मोठ्या बोटींना नेमकं कळेल, आणि त्या अगदी कडेपर्यंत जाळी ओढतील. जहाजांच्या सुरक्षिततेसाठी खोली उघड असायलाच हवी, त्यावर दुमत नाही. प्रवाळ कुठे, मासा कुठे थांबतो, हे बारकावे मात्र वेगळे ठेवता येतात. सर्वेक्षणाच्या करारातच लिहून घ्यावं: पहिली प्रत त्या वाडीच्या मच्छीमार सोसायटीला, मराठीत, खोली मीटरबरोबर वावांतही, आणि बारीक तपशील बाहेर द्यायचा की नाही हे सोसायटीला विचारून.